भरला तेवढाच निघाला

कुरुळी फाट्यावरून गावाकडे वळलं की डाव्या हाताला दौलतरावांच्या जागेत पत्र्याचे तीन गाळे लागतात. त्यातल्या मधल्या गाळ्यात ज्योतीराम टेकाळे बरीच वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. माणूस मूळचा कळंब तालुक्यातला. बारावी गेल्यावर चुलत्याच्या ओळखीनं भोसरीत आला, एका कंपनीत कंत्राटावर लागला. कंपनीनं ब्रेक देऊन कामावरून थांबवलं की घरी बसायचं, बोलावलं की पुन्हा जायचं. असे तीन-चार ब्रेक झाल्यावर त्याला वीट आला आणि तो पिंपरीत एका उस्तादाच्या हाताखाली एसीचं काम शिकायला राहिला. उस्ताद तोंडाचा फाटका होता, पण काम शिकवताना हातचं राखायचा नाही. लग्न झाल्यावर ज्योतीरामनं कुरुळीत स्वतःचा गाळा घेतला. बायको विजयश्री जवळच्याच एका कंपनीत पॅकिंगला जायची.

ज्योतीराम बोलायला कमी. गिऱ्हाइकाशी हसून चार गोष्टी कराव्यात, चहा पाजावा, हे त्याला कधी जमलंच नाही. एका बाबतीत मात्र तो अडून बसायचा. कुणी आलं आणि म्हणालं, "मिस्त्री, कूलिंग गेलंय, गॅस भरून द्या," की याचं ठरलेलं उत्तर.

"गॅस काय पेट्रोल आहे का जळून संपायला? बंद पाइपात फिरतो तो. कमी झालाय म्हणजे कुठून तरी गेलाय. ते आधी बघू, मग भरू."

निम्मी गिऱ्हाइकं इथंच कटायची. पुढच्या चौकात अर्ध्या तासात गॅस भरून देणारे होतेच. विजयश्री कधीकधी चिडायची.

"द्या की भरून. कमी झाला तर परत तुमच्याकडंच येतील."

"म्हणूनच नाही भरत," तो म्हणायचा.

राहिलेल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांत तो डोकं घालून बसायचा. सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा येतो का पाहायचा. तेलकट डाग शोधायचा, कारण गॅस जिथून निसटतो तिथं थोडं तेल सोडून जातो. एवढ्यानं नाही सापडलं तर गॅसबरोबर रंग सोडून, पिवळा चष्मा लावून, निळ्या बॅटरीच्या उजेडात एकेक पाइप बघायचा. अंधाऱ्या कोपऱ्यात कुठंतरी हिरवट ठिपका चमकला की त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. ते दिसायचं तेवढंच.

एप्रिल संपता संपता बुद्धभूषण त्याच्याकडे आला. दिघीला राहायचा, वय असेल पस्तीसच्या आतबाहेर. वडील एका कारखान्यात टर्नर होते, ते निवृत्त झाले तसं यानं पिवळ्या पाटीची गाडी घेतली आणि चाकणच्या एका कंपनीचा स्टाफ ने-आण करायला लावली. गाडी थेट कंपनीकडे नव्हती, मध्ये एक ठेकेदार होता. बुद्धभूषण ज्योतीरामच्या अगदी उलट. आल्या आल्या स्टूल ओढून बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"मिस्त्री, तीन ठिकाणी गॅस भरला राव. पंधरा दिवस थंड, मग गरम फुफाटा. मॅडम लोक ॲपवर तक्रार टाकतात. ठेकेदार म्हणतो, परत एसीची तक्रार आली तर गाडी बंद. आता तुमच्याकडंच इलाज."

ज्योतीरामनं बाहेरचे सगळे सांधे तपासले. कुठंच काही नव्हतं. मग त्यानं आतल्या वाऱ्याच्या जाळीपाशी नाक नेलं, बॅटरी मारली आणि मान हलवली.

"कूलिंग कॉइल आहे. डॅशबोर्ड पूर्ण खोलावा लागेल. दिवस जाईल."

"जाऊ दे. एकदाचं होऊ दे," बुद्धभूषण म्हणाला आणि त्यानं तिथूनच बायकोला फोन लावला. "नेहा, आज गाडी दवाखान्यात ॲडमिट आहे. दिव्याला शाळेतून तू आण."

दिवसभर तो तिथंच होता. ज्योतीराम एकेक स्क्रू काढत होता आणि हा बोलत होता. पहिल्या पाळीची माणसं पहाटे उचलायची, सोडायची. मधल्या वेळात घरी जाऊन यायचं तर दिघी लांब, डिझेल-पेट्रोल आपल्या पदरचं. म्हणून कंपनीबाहेरच गाडी लावून झोपायचं, आणि दुसऱ्या पाळीची माणसं आणायला पुन्हा निघायचं. कधीकधी ठेकेदार रात्रपाळीही गळ्यात मारायचा.

"झोप कधी घेता मग?" ज्योतीरामनं विचारलं. एवढा प्रश्नही त्याच्यासाठी जास्तच होता.

"मिळेल तेव्हा. सीट मागं टाकायची की संपलं. ड्रायव्हरला खोली कोण देतंय?"

संध्याकाळच्या आत नवी कॉइल बसली. मशीन लावून पाइप रिकामे केले, दाब धरतोय का पाहिलं, मग काट्यावर तोलून गॅस भरला. शेवटी कॉइलचं पाणी बाहेर जातं ती रबरी नळी तपासायला ज्योतीराम गाडीखाली गेला. तिथं त्याला ते दिसलं. सायलेन्सरचा पाइप ड्रायव्हरच्या सीटखाली जिथं जोडलेला असतो, तिथला जॉइंट तडकला होता आणि वरच्या पत्र्यावर काजळी धरली होती.

बाहेर येऊन हात पुसत तो म्हणाला, "भाऊ, सायलेन्सरचा जॉइंट फुटलाय. सवडीनं वेल्डिंग करून घ्या."

"करतो ना. आज मात्र नको, पिकअपची वेळ झाली." बुद्धभूषणनं गाडी सुरू केली आणि वाऱ्यापुढं हात धरला. "आई शप्पथ, काश्मीर केलंत मिस्त्री!" हसत, हात उंचावत तो हायवेला लागला.

ज्योतीराम हत्यारं आवरायला लागला. सायलेन्सर त्याचं काम नव्हतं. सांगायचं ते त्यानं सांगितलं होतं.

मेच्या मध्यावर एका दुपारी कंपनीच्या कुंपणालगत बुद्धभूषणनं गाडी लावली. दोन्ही बाजूंना कंटेनरचे ट्रेलर उभे होते, त्यांच्या मधल्या सावलीत. काचा वर, एसी चालू, सीट मागं. दुसऱ्या पाळीच्या पिकअपला तो गेला नाही. ठेकेदाराच्या माणसानं फोनवर फोन केले. शेवटी दुसऱ्या एका ड्रायव्हरनं येऊन काच ठोकली. आत बुद्धभूषण झोपल्यासारखा पडला होता. चेहरा उलट जास्तच टवटवीत, लालसर दिसत होता. त्या ड्रायव्हरला तो मेलाय हे काच फोडून खांदा हलवेपर्यंत कळलं नाही. गाडी अजून चालूच होती आणि आत गार होतं.

त्या गारव्यानंच ज्योतीरामचा घात केला. काच फोडताना कुणीतरी व्हिडिओ काढला होता आणि त्यावर बोललं होतं, "बघा, एसीचा गॅस लीक होऊन माणूस गेला." संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ चाकणपासून निगडीपर्यंतच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर फिरला. दुसऱ्या दिवशी त्यात एक ओळ वाढली. एसी नुकताच कुरुळीच्या ज्योतीराम मिस्त्रीकडून करून घेतला होता, हलका गॅस भरला होता.

ज्योतीरामला बातमी कळली ती त्या व्हिडिओतूनच. शेजारच्या पंक्चरवाल्यानं फोन पुढं केला. गाडीचा नंबर बघून ज्योतीराम खाली बसला. मग उठून त्यानं शटर ओढलं आणि आतच बसून राहिला.

पोलीस येऊन गेले. हवालदार भला माणूस होता. बिल कुणाचं, गॅस कुठला, बाटली दाखव, एवढंच विचारलं. जाताना म्हणाला, "पोस्टमॉर्टमचं काय ते येईल. गाव सोडून जाऊ नकोस."

"साहेब, एसीच्या गॅसनं असा माणूस मरत नसतो," ज्योतीराम म्हणाला.

"मग कशानं मेला?"

ज्योतीरामच्या तोंडावर आलं होतं, सायलेन्सरच्या धुरानं. पण ते बाहेर पडेना. कारण तेवढ्यात त्याच्या डोक्यात दुसरंच काही शिरलं होतं. कॉइलचं पाणी जाण्यासाठी गाडीच्या तळाला भोक असतं. त्यात ती रबरी नळी गच्च बसावी लागते. कॉइल बदलताना ती त्यानंच काढली होती, त्यानंच बसवली होती. ती नीट बसली नसेल तर खालचा धूर त्याच भोकातून सरळ आत येणार. आपण बसवली होती ना? दाबून बघितली होती ना? गाडीखाली गेलो होतो तो नळी बघायलाच, मग काजळी दिसली... त्याच्या पुढचं त्याला काही आठवेना.

त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. हातातला घास हातातच राहायचा. विजयश्री पाण्याचा तांब्या पुढं ठेवून म्हणायची, "अवं, तुमी काय केलंय का? मग कशाला जीव जाळताय?"

"मला आठवत नाही विजू."

"काय आठवत नाही?"

तो सांगायचा, नळीचं. ती ऐकून घ्यायची. पण तिला तरी काय कळणार होतं? गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात सीलबंद उभी होती.

दुकानात गाड्या यायच्या थांबल्या. ऐन मे महिना, एसीवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि हा स्टुलावर बसून रस्ता बघत होता. एक जुनं गिऱ्हाईक आलं. गाडी लावली, तेवढ्यात मागं बसलेल्या त्याच्या बायकोनं पाटी वाचली. दोघं काचेआड काहीतरी बोलले आणि गाडी तशीच मागं गेली. ज्योतीरामनं नंतर ती पाटी उतरवली.

एका सकाळी जागेचे मालक दौलतराव काठी टेकत आले. कुरुळीतलं जुनं घर, स्वभावानं गोड म्हातारा.

"पोरा, राग मानू नगं. मला ठावं हाय तू तसला न्हाईस. पर आमी गावात ऱ्हातो, लोकं नावं ठेवत्यात. ते दोघं गाळेवालेबी म्हनत्यात, गिऱ्हाईक फिरकंना. थोडं दीस बंद ठेव. न्हाईतर दुसरं कायतरी बघ."

"व्हय आबा," ज्योतीराम म्हणाला. त्यांच्याशी बोलताना तो त्यांच्यासारखंच बोलायचा.

महिना सरत आला तेव्हा नेहा आली. साधा कॉटनचा ड्रेस, खांद्याला ऑफिसची बॅग. चिंचवडला एका ऑफिसात ती कामाला होती. ज्योतीरामनं तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ती दारात उभी राहिली आणि त्यानं ओळखलं. स्टूल पुढं केलं. ती बसली नाही.

"ठेकेदार म्हणतात तुमच्यावर केस टाका, वकील मी देतो," ती म्हणाली. "आजवर त्यांनी आमचा एक फोन नीट घेतला नव्हता. आता रोज फोन करतात. म्हणून मला शंका आली. सही करायच्या आधी म्हटलं, तुमचं तोंड एकदा बघावं. आमच्या ह्यांनी तुमचं नाव फार घेतलं होतं घरी. माणूस अबोल आहे, पण कामाचा पक्का आहे म्हणाले होते."

ज्योतीरामनं पुढं केलेलं स्टूल मागं घेतलं.

"गॅसनं गेले का ते?" तिनं विचारलं.

"गॅसनं नाही ताई."

"कशावरून?"

"गाडी बघू द्या मला. तुमच्यासमोर बघतो."

हवालदारानं साहेबांची परवानगी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योतीराम गॅस ओढायचं मशीन आणि वजनकाटा टेंपोत घालून ठाण्यावर गेला. मागच्या आवारात अपघातातल्या, जप्तीतल्या गाड्या उन्हात तापत उभ्या होत्या. बुद्धभूषणची गाडी त्यांच्यात एका टोकाला होती. फुटलेल्या काचेवर प्लास्टिक लावलेलं, आरशाला पंचशीलाची छोटी पताका तशीच. नेहानं एकदा आत बघितलं आणि तोंड फिरवलं.

ठाण्याच्या खिडकीतून वायर ओढून मशीन सुरू केलं. पाइपातला गॅस हळूहळू बाटलीत उतरू लागला. हवालदार, नेहा, दोन शिपाई काट्याकडे बघत उभे होते. मशीन थांबलं तेव्हा ज्योतीराम म्हणाला, "मी भरला होता तेवढाच आहे. बाहेर गेलेलाच नाही काही."

हवालदारानं वाकून आकडा बघितला, बिलावरच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि "हं" म्हणाला.

"मग?" नेहा म्हणाली.

ज्योतीराम गाडीखाली सरकला. खाली जमीन भाजत होती. आधी त्यानं हात घातला तो रबरी नळीकडे. नळी भोकात गच्च बसलेली होती. त्यानं ओढून पाहिली, हलली नाही. तो तसाच पाठीवर पडून राहिला. एवढे दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठायला हवं होतं. ते उठलं नाही. कारण नळीपासून हातभर अंतरावर सायलेन्सरचा जॉइंट आता पार उलला होता, आणि त्याच्या बरोबर वर, काजळीखाली, पत्रा गंजून चाळणी झाला होता. काजळी बोटानं पुसली तेव्हा भोकं दिसली. त्या दिवशी त्यानं पुसली नव्हती.

तो बाहेर आला. हवालदाराला दाखवलं. हवालदार गुडघ्यावर बसून बघून आला आणि शिपायांना घेऊन डायरी काढायला आत गेला. डॉक्टरांचा अहवालही विषारी धुराकडेच बोट दाखवणारा आला होता, हे त्यानं जाता जाता सांगितलं.

दोघंच उरल्यावर ज्योतीराम म्हणाला, "इंजिनचा धूर आत आला ताई. त्यातल्या विषाला वास नसतो, झोपेत कळत नाही. गाडी चालती असली की खालून वारा असतो. त्या दिवशी दोन ट्रेलरच्या मध्ये उभी होती, काचा बंद, आतल्या आत हवा फिरत होती." तो थांबला. इथं थांबला असता तर त्याचं नाव धुऊन निघालं असतं. पण तो पुढं बोलला. "मला दिसलं होतं ते. एसी केला त्या दिवशी."

नेहानं वर पाहिलं. "काय दिसलं होतं?"

"जॉइंट फुटलेला. एवढा नव्हता तेव्हा. मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलं? जसं बोललात तसं सांगा."

"भाऊ, सायलेन्सरचा जॉइंट फुटलाय. सवडीनं वेल्डिंग करून घ्या."

ठाण्याच्या पुढच्या बाजूला कुणाचीतरी गाडी टो करून आणत होते, त्याचा खडखडाट चालला होता.

"सवडीनं म्हणालात," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना सवड कधी होती?"

ती रडली नाही. बॅगेतून रुमाल काढून तिनं फक्त चेहऱ्यावरचा घाम टिपला.

"माझा नंबर होता त्यांच्या फोनवर. तुमच्यासमोर लावला होता ना त्यांनी? मला म्हणाला असतात, ताई, हे धोक्याचं आहे, तर मी त्यांना गाडीत बसू दिलं नसतं. भांडले असते."

"मला इतकं वाटलं नाही तेव्हा. मरण आणेल असं नाही वाटलं."

"हं," ती म्हणाली. "तुम्हाला नाही वाटलं. त्यांना नाही वाटलं." मग बॅग खांद्याला लावून ती हवालदाराकडे गेली. जबाबात तिनं एसीबद्दल तक्रार नाही असं लिहून दिलं. नवऱ्याला लागोपाठ पाळ्या करायला लावत होते, बसायला-पडायला जागा नव्हती, हेही लिहायला सांगितलं. हवालदारानं लिहिलं. त्याचं पुढं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. ठेकेदाराचे फोन त्या दिवसापासून बंद झाले.

कंपनीच्या कुंपणावर मात्र एक फलक लागला. येथे वाहनात झोपण्यास सक्त मनाई आहे. ड्रायव्हर लोक मग गाड्या लावून रस्त्यापलीकडच्या दोन-चार बाभळींखाली पोती टाकून आडवे होऊ लागले. ऊन फिरलं की पोतीही फिरायची.

ज्योतीराम निर्दोष आहे असा व्हिडिओ कुणी काढला नाही. जुना मात्र फिरतच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात कुणा वेगळ्याच गावाचं नाव घालून तो पुन्हा आला, पण कुरुळीतल्या लोकांना खरं गाव माहीत होतं. पंक्चरवाला सगळ्यांना सांगायचा, अरे, मशीन लावून दाखवलंय त्यानं पोलिसांसमोर. ऐकणारा मान डोलवायचा आणि गॅस भरायला पुढच्या चौकात जायचा. बुद्धभूषण गेला त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी ज्योतीरामनं गाळा सोडला. दौलतरावांनी अनामत तर परत दिलीच, वर पोराच्या हातावर ठेवावा तसा एक नारळ ठेवला आणि डोळे पुसले. मशीन विकताना विजयश्री म्हणाली, "ठेवा की. कधीतरी लागंल." त्यानं विकलं.

आता बिऱ्हाड भोसरीत आहे आणि तो मोशीकडे खाजगी बसच्या एका वर्कशॉपमध्ये पगारावर आहे. बसचे एसी मोठे, टपावर असतात. दिवसभर वर उन्हात बसून तो गळती शोधतो. काम पूर्वीसारखंच चोख करतो, असं तिथला सुपरवायझर सांगतो. बोलणं आणखी कमी झालंय. विजयश्री म्हणते, आधी निदान गॅसवरून तरी गिऱ्हाइकाशी भांडायचे, आता तेही नाही.

मागच्या हिवाळ्यात सकाळी कामावर जाताना भोसरीच्या स्टॉपवर त्याला नेहा दिसली. बरोबर शाळेच्या गणवेशातली दिव्या होती. नेहा तिच्या डोक्यावरची टोपी नीट करत होती. ज्योतीरामनं दुचाकी कडेला घेतली. जवळ जाऊन विचारावं, कसं चाललंय, काही लागलं तर सांगा. पण काही लागलं तर सांगा, हे आपण कोणत्या तोंडानं म्हणणार, असं त्याला वाटलं. तेवढ्यात नेहाची नजर त्याच्यावर पडली. तिनं ओळखलं. मान किंचित हलवल्यासारखी केली, की बस येतेय का बघितलं, ते त्याला नक्की कळलं नाही. बस आली, दोघी चढल्या. तो थोडा वेळ तिथंच थांबला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तशी त्यानं गाडी काढली आणि मोशीच्या रस्त्याला लागला.